खोलीची शांतता

“काढ म्हणजे काढ. सगळे.”

“एकही काढणार नाही.”

“माझे श्वास आहेत ते. माझ्या मालकीचे!”

“सोडलेल्या श्वासावर मालकी राहत नाही, बाबा. त्यातून हे तुम्ही माझ्या माईकमध्ये सोडलेत.”

“वा! म्हणजे आता बापाच्या श्वासावरही हिचाच हक्क.”

“ओरडू नका. खोली लहान आहे, आवाज कोपऱ्यात साचतो.”

बाबा ओरडायचे थांबले, पण येरझारा घालू लागले, आणि त्यांचे बूट करकरू लागले. हे बूट म्हणजे लेकीच्या डोक्याला ताप. काचेपलीकडच्या आतल्या खोलीत, जिथे जाड पडद्यांच्या भिंतींमध्ये एक टेबल, एक खुर्ची आणि एक माईक एवढाच संसार होता, तिथे बूट न्यायला तिने सक्त मनाई केली होती. बाबा रोज कुरकुरत ते बाहेरच्या टेबलाखाली काढून ठेवत. “उभ्या आयुष्यात कुणाची हिंमत झाली नाही मला अनवाणी करायची,” असं रोज म्हणत आणि रोज काढत.

लेकीला सगळे खुट्टी म्हणत. हे नाव पडलं विंगेत. बाबा नाटकात कामं करायचे, आणि आई तिकीटखिडकीवर असल्यामुळे पोर विंगेतच वाढली. जरा कुठे खुट्ट झालं की हिचे कान टवकारलेच. पडद्यामागे पत्रा हलवून गडगडाट करणाऱ्या काकांच्या मांडीवर बसून ती पत्रा कुठे धरला की वादळ दूर जातं आणि कुठे धरला की डोक्यावर येतं, हे अक्षरं गिरवायच्या आधी शिकली. एकदा बाबा रंगमंचावर तलवारीच्या घावाने मरून पडले होते, सारं नाट्यगृह चिडीचूप. तेवढ्यात विंगेतून बारीक, स्पष्ट आवाज आला, “बाबा, श्वास ऐकू येतोय!” पुढच्या दोन रांगा खो खो हसल्या. मेलेल्या माणसाला हसू आवरता आवरता नाकी नऊ आले. घरी आल्यावर आई म्हणाली, “बापाला देवाने घसा दिला, लेकीला कान दिले, आणि माझ्या वाट्याला नुसती डोकेदुखी.”

त्या कानांनीच तिला पुढे पोटापाण्याला लावलं. ऐकायच्या गोष्टींना, नभोनाट्यांना, जाहिरातींना ती आवाज पुरवायची. जुनी छत्री भराभर उघडून मिटली की कबुतरांचा थवा उडतो. गाजर मोडलं की हाड मोडतं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मोडलं तर ऐकणारा स्वतःचा हात चाचपून बघतो. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासरच्या घरात शिरली, दार किरकिरलं, आणि नमस्कार करायच्या आधीच हिच्या तोंडून निघालं, “या बिजागरीला कुणी तेल घालू नका हं!” सासूबाई आजही त्या दाराजवळ तेलाची बाटली फिरकू देत नाहीत. कुणी तक्रार केली तर म्हणतात, “सुनेची ठेव आहे ती. किरकिरू दे.”

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींना पावलं, दारं आणि वादळं पुरवल्यावर आता कुठे एक मालिका सर्वस्वी तिच्या हाती आली होती. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. नदीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं नेता नेता तो बोलतो, बस. दुसरं पात्र नाही. अख्खी मालिका एका आवाजावर तरणार किंवा बुडणार. तिने क्षणभरही विचार न करता सांगून टाकलं होतं, “माझे बाबा वाचतील.” आणि आता तेच बाबा, पहिलं प्रकरण ऐकून, श्वास काढले नाहीत तर दुसरं वाचणार नाही म्हणून अडून बसले होते.

अडण्यामागचं दुखणं तिला ठाऊक होतं. बाबांची ख्याती होती दमसासाची. पानभर स्वगत ते एका दमात म्हणायचे, आणि ते संपेपर्यंत प्रेक्षकच श्वास घ्यायचे विसरत. गेल्या हिवाळ्यात छातीचं आजारपण आलं. आवाज परतला, तसाच भरदार. दम तेवढा परतला नाही.

“लोक म्हणतील, म्हातारा धापा टाकतोय,” बाबा म्हणाले.

“नावाडीसुद्धा म्हाताराच आहे की.”

“तो गोष्टीत म्हातारा आहे. मी खराखुरा झालोय. फरक आहे त्यात.”

यावर खुट्टीने वाद सोडून काम काढलं. “बरं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एका पानातले सगळे श्वास काढून दाखवते. ऐका आणि मग बोला.” तिची खात्री होती, त्या पानाची बसथांब्यावरची यांत्रिक सूचना होणार आणि बाबा स्वतःच कान झाकून घेणार.

तिने हेडफोन चढवले आणि तांदळातले खडे वेचावेत तसे श्वास वेचायला घेतले. बाबा पाठीमागून संगणकाच्या पडद्यावर वाकून बघत होते.

“भोकं पडली की सगळीकडे. तिथे काय येणार?”

“खोलीची शांतता.”

“शांतता म्हणजे काहीच नाही ना? मग भरायचं काय?”

“काहीच नाही असं ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्रच बंद पडलं. दर खोलीची शांतता निराळी असते, बाबा. कुठे तारांची गुणगुण, कुठे लांबचा रस्ता, कुठे नुसत्या भिंती. म्हणून तर वाचन संपल्यावर तुम्हाला स्तब्ध उभं केलं होतं.”

बाबांना आठवलं. त्या दिवशी ते माईकसमोर पुतळ्यासारखे उभे राहिले होते आणि नंतर म्हणाले होते, “आम्ही शांतता निर्माण करायचो. तुम्ही ती डब्यात भरून ठेवता होय?”

पान तयार झालं. तिने ते लावलं आणि हाताची घडी घालून बाबांकडे बघत बसली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. नावाडी होडी सोडत होता, वल्हं पाण्यात पडत होतं, वाक्यामागून वाक्य अखंड येत होतं.

“झकास,” बाबा म्हणाले. “कसं तुळतुळीत झालंय बघ.”

खुट्टीची हाताची घडी सुटली. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

मग बाबांच्या कपाळावर आठी उमटली. “थांब. मागे घे जरा. हे कोण?”

“कुठे कोण?”

“मागे कुणीतरी श्वास घेतंय.”

“शक्य नाही. सगळे काढलेत मी.”

“पोरी, दम गेला असेल माझा, कान शाबूत आहेत. वाढव आवाज.”

तिने आवाज वाढवला, आणि तिचे कान तापले. एकूण एक भोकातून, अगदी हळू, कुणीतरी श्वास आत घेत होतं आणि शेवटी नाकातून बारीकशी शीळ वाजत होती. प्रत्येक वेळी तोच श्वास, तीच शीळ. शांतता भरून घेताना बाबा माईकच्या तोंडाशी उभे होते. हिने त्यांना मागे सरकवलं नव्हतं, आणि नंतर ती शांतता ऐकूनही पाहिली नव्हती. शांतताच तर होती, ती काय ऐकायची!

“म्हणजे,” बाबा सावकाश म्हणाले, “माझे श्वास काढून त्या जागी तू माझाच श्वास भरलास?”

“हो.”

“आणि सगळीकडे एकच?”

“हो. शिळा.”

आधी बाबा हसले की ती, सांगता येणार नाही. हसता हसता बाबांना खोकला आला, पाणी द्यावं लागलं. पेला खाली ठेवत ते म्हणाले, “लहानपणी मेलेल्या माणसाचा श्वास पकडलास, भर नाटकात! आज जिवंत माणसाचा निसटला?”

“निसटला. चूक माझी. पण तेव्हा तुम्ही मेल्याचं सोंग घेतलं होतं, श्वास नकोच होता. आता कुणाचं सोंग घेताय?”

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आता तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. पडद्यामागून खूण करणाऱ्या माणसाचा ठामपणा होता.

“खरं सांगू का? श्वास वाईट नाही लागत. तुम्ही तो चोरून घेता, तो वाईट लागतो. वाक्य ओढता, ओढता, कुणी बघत नाहीसं वाटलं की घाईने गिळता. त्याचीच धाप होते. उघड घेतलात तर हलका येईल. वल्हं मागे ओढताना नावाडी घेईल ना, तसा. विराम कुठे घ्यायचा हे मी तुम्हाला शिकवायचं का?”

“आणि नाही जमलं तर?”

“तर मी आहे. आता ऐका. ही चूक निस्तरायला सोपी आहे. तुम्ही घरी जा, मी रिकाम्या खोलीची शांतता नव्याने भरते. सगळ्या मालिकेत तुमच्या श्वासाचा मागमूस राहणार नाही. शब्द आहे माझा. नाहीतर आत चला, दुसरं प्रकरण वाचा, दम लागेल तिथे खुशाल घ्या. त्यातला एकही मी कापणार नाही, तुम्ही पाया पडलात तरी. बोला, काय करू?”

बाबांनी काचेतून आतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग ते वाकले, एक एक करून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट नीट जोडीने टेबलाखाली सरकवले. टेबलावरची दुसऱ्या प्रकरणाची पानं उचलली, चष्मा नाकावर चढवला, आणि अनवाणी, दार ढकलून आतल्या खोलीत शिरले.