काळ्या साडीचा फॉल

"थांबा भाऊ, डोळं अजून उन्हातच हायेत," असं म्हणत मावशी माझ्या दुकानाच्या दारात चौकट धरून उभ्या राहायच्या. डोळे आत आले की पाऊल उचलायच्या.

सावेडीत माझं चष्म्याचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात त्यांचं फॉल-पिकोचं मशीन. तुमच्याही भागात अशी एखादी मावशी असेल, जिच्याकडे साडी टाकली की आपण निर्धास्त. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे त्या स्वतःच सांगायच्या. कुणी फॉल सोबत आणलाच, तर मावशी तो परत त्याच पिशवीत टाकायच्या.

मग एका नव्या सुनेची पहिल्या संक्रांतीची काळी साडी आली. तिच्या घरच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं, मावशीही गेल्या होत्या. वाऱ्यानं सुनेच्या निऱ्यांची कड उलटली आणि भर उन्हात मावशींना आपण लावलेला फॉल दिसला. तो गडद निळा होता. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. त्या मात्र वाण न घेताच जिना उतरल्या.

तेव्हापासून दारातलं ते वाक्य बंद झालं. आता डोळे आत येईपर्यंत त्या दारातच चपलेचा अंगठा नीट करण्याच्या निमित्तानं रेंगाळायच्या. आपण आंधळ्या होणार, या धास्तीनं शेवटी त्यांनी मला डोळे दाखवले. बाहुल्या तिळाएवढ्या होत्या. डॉक्टरांनीही तपासून रोग नसल्याचं सांगितलं. वयानं बाहुली लहान होते, कमी उजेडात पूर्वीसारखी मोठी होत नाही, म्हणून गाळ्यात काळं-निळं एकच दिसतं, हे मी समजावलं. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांची मान आणखी खाली गेली.

"मंजी रोग न्हाई? मोतीबिंदू म्हनलं की लोक समजून घेत्यात. वय झालं म्हनल्यावर साडी कोन टाकतंय?"

मशीनपाशी मोठा दिवा मीच बसवून दिला. गिऱ्हाईक दिसलं की त्या तो लाजून विझवायच्या आणि नेमक्या त्याच वेळी रंग जुळवायच्या. चुका वाढल्या, साड्या घटल्या. एक दिवस मशीन विकून त्या कोपरगावला लेकीकडे गेल्या.

परवा भर दुपारी त्यांना भेटायला गेलो. अंगणातल्या उन्हात त्या लेकीच्या साडीला फॉल लावत होत्या. मला पाहताच साडी गोळा करून आत गेल्या आणि आतूनच मला "या" म्हणाल्या.

माझीही पन्नाशी उलटलीय. दारातून मला आत काहीच दिसेना. चष्मेवाल्यानं असं चाचपडावं याची मलाच लाज वाटली. मी वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो.

अंधारातून आवाज आला, "येऊ द्या डोळं, भाऊ. मी हाय हितंच."