मागची मोठी चक्री

काल मुलीच्या गिअरच्या सायकलला तेल घालताना साखळीचा तो काळा वास नाकात गेला आणि कामरगावच्या अलीकडचा चढ आठवला. दुधाचे कॅन लावून वडील रोज सकाळी तो चढ सायकलने चढत. एका हिवाळ्यात त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि ते म्हणाले, “उद्यापासून दूध तू ने, बाबू.” मी तेव्हा कॉलेजात होतो. त्याच रस्त्याने वर्गातल्या मुली एसटीने येत, आणि कॅन लटकवलेला मी त्यांना दिसणार याची मला लाज वाटली. मी गुपचूप सायकलवाल्याकडे जाऊन मागची चक्री जास्त दातांची बसवून घेतली, साखळीही वाढवली; अशाने चढ हलका जातो, पायडल मात्र जास्त मारावे लागते. रात्री आईने त्यांच्या गुडघ्यांना करंजाचे तेल चोळले. सकाळी मी म्हणालो, “आजच्या दिवस तुमीच जा ना, बाबा.” ते गेले, आणि परत आले ते हसतच. “तुह्या तेलानं पाय हलके केले वं,” ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळले, “पन कामरगाव लांब सरकलं, बाबू. पायडल मारून राह्यलो, मारून राह्यलो, गाव येतच नाही!” आई हसली. मी खाली मान घालून दात घासत राहिलो. पुढे कितीतरी वर्षे दूध त्यांनीच नेले, मी एकदाही नाही. साखळीला तेल मात्र दर रविवारी ते स्वतःच घालत. ती नवी चक्री त्यांना दिसली नसेल, असे मला अजून मानता येत नाही.