शंभरातले पंधरा

अतिदक्षता विभागातल्या थोरल्या सिस्टरना पाठीमागे सगळे ‘तोफ’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दारापाशी नातेवाइकांची गर्दी झाली की त्या नुसत्या “बाहेर” म्हणायच्या आणि व्हरांडा रिकामा व्हायचा. त्यांचा नवरा शिंपी, मिशीतल्या मिशीत हसणारा. तो म्हणायचा, “आमच्याकडे भांडण होत नाही. एकीकडून गोळाबारी होते, दुसरीकडून शरणागती.”

पाच नंबरच्या खाटेवर ती बाई आली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. एकेका श्वासासाठी तिची मान दोरखंडासारखी ताणली जात होती. तिने मास्क ओरबाडून फेकला, धरायला गेलेल्या नर्सच्या मनगटाला कडकडून चावली. शेवटी चौघींनी दाबून धरलं, डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं, घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटर जोडला.

मग छातीच्या डॉक्टरांनी ती वाचण्याच्या शक्यतेचा हिशेब मांडला: वय, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, मूत्रपिंडं, शुद्ध. बाहेर बाईचा नवरा उभा होता. त्याचं गाड्यांचं गॅरेज होतं. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या बेतात.

“वाचेल का?”

“अशा अवस्थेतले शंभर पेशंट आले तर पंधराएक वाचतात,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे नाही.”

“तसं मी म्हटलं नाही. आकडा शंभर जणांचा आहे. तुमची बायको त्या पंधरातली की नाही, ते तो सांगत नाही.”

“सरळ सांगा ना. नाही.”

सिस्टर शेजारीच होत्या. अशी उत्तरं ऐकताना माणसं कशी दिसतात, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. हा माणूस घाबरलेला दिसत नव्हता. सौदा पक्का करून घेतल्यासारखा बोलत होता.

बाईचं अंग पुसताना त्यांना कारण कळलं. कुशीवर, पाठीवर वळ होते. काही पिवळे पडलेले, काही ताजे काळेनिळे. छातीच्या फोटोत बरगड्या मोडलेल्या होत्या आणि त्यातली एक फार पूर्वी मोडून वाकडी जुळलेली. सिस्टरनी फोटो डॉक्टरांपुढे धरला.

“बरगडी मोडली की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “कफ आत साचतो, सडतो. हा न्यूमोनिया घरातून आलाय.”

त्यांनी पोलिसांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस गॅरेजवर जाऊन, बाई शुद्धीवर आली की तिचा जबाब घेऊ, असं सांगून आले आणि दुपारी, भेटीच्या वेळेला, गॅरेजवाला दार ढकलून सरळ पाच नंबरकडे गेला.

“हिला घरी नेतोय.”

“मशीन काढलं तर ती दारापर्यंतही पोचणार नाही,” सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या.

“तुमचाच डॉक्टर म्हणालाय वाचणार नाही. मग घरी मरू दे.”

त्याने नळी मुठीत धरून हिसडा दिला. मशीन ठणाणा करू लागलं. सिस्टरनी त्याच्या हाताला हिसका दिला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने सलाईनचा स्टँड उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज त्यांना कानाने नव्हे, आतून ऐकू आला. तोंडात रक्त भरलं, जिभेवर तुटलेला दात आला. त्या गुडघ्यांवर पडल्या. वर पाहिलं तर तो पुन्हा नळीकडे वळला होता.

ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना हाताशी होता. पहिला फटका त्यांनी त्याच्या मनगटावर मारला. त्याने नळी सोडली नाही. दुसऱ्या फटक्याला हाड मोडलं आणि पंजा लोंबायला लागला. तो ओरडत खाली बसला. मग त्यांनी तिसरा मारला, खांद्यावर, सगळा जोर लावून.

रखवालदारांनी त्याला फरपटत बाहेर नेलं. नळी अर्धी बाहेर आली होती. डॉक्टरांनी धावत येऊन ती पुन्हा बसवली, आणि सिस्टर हाताने फुगा दाबून हवा देत राहिल्या. हनुवटीवरून रक्त बाईच्या चादरीवर ठिबकत होतं. तेवढ्यात हृदय थांबलं. दुसरी नर्स खाटेवर चढून छाती दाबू लागली, त्याच मोडक्या बरगड्यांवर. आणखी एक बरगडी मोडली. सगळ्यांनी ऐकलं, कुणी थांबलं नाही. हृदय परत सुरू झालं.

“आता हिशेब मांडला तर?” कुणीतरी विचारलं.

“मांडू नका,” डॉक्टर म्हणाले.

सिस्टरचा जबडा तारांनी बांधला. नवरा त्यांना गाळलेलं सूप नळीने पाजायचा. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होतंय,” म्हणायचा. एका संध्याकाळी त्या बांधलेल्या दातांतून म्हणाल्या, “तिसरा फटका गरजेचा नव्हता.”

“मग का मारलास?”

“बरं वाटलं.”

त्याने सुईत दोरा ओवला. “कोर्टात विचारलं तर?”

“हेच सांगणार.”

त्यांनी तेच सांगितलं, कुणी विचारण्याआधीच. मग आरोपीचा वकील म्हणाला, “डॉक्टरांच्या हिशेबाने बाई मरणारच होती ना?”

“असं कुणी म्हटलं नव्हतं,” सिस्टर म्हणाल्या. “फक्त तुमच्या अशिलाने म्हटलं होतं.”

तोपर्यंत बाई वाचली होती. आधी ताप उतरला, मग मूत्रपिंडं चालू लागली, मग एक दिवस नळी निघाली. कोर्टात ती सिस्टरनंतर उभी राहिली आणि दम खात खात, लग्नापासूनचं सगळं बोलली. तिला पाणी द्यायला मध्ये दोनदा थांबावं लागलं. गॅरेजवाला तुरुंगात गेला.

ती आता थोरल्या बहिणीकडे राहते. मध्यंतरी सिस्टरना भेटायला आली होती. सिस्टरचा जबडा जरा तिरका जुळलाय, बोलताना शब्द एका बाजूने निघतात.

“मी वाचेन असं वाटलं होतं तुम्हाला?” तिने विचारलं.

“नाही.”

“मलाही नाही,” बाई म्हणाली. “दवाखान्यात यायच्या कितीतरी आधीपासून.”

सिस्टर तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. बाई कठडा धरून सावकाश उतरली, मध्येच श्वास घ्यायला थांबली, आणि सिस्टरनी हात पुढे केला तेव्हा “राहू द्या, जमतंय” म्हणाली.