मिक्सर अडकला त्या संध्याकाळचा नियम

“दार लावून बसायला आम्ही काय परके आहोत?” दादा बाहेरून ओरडला.

“दादा, सकाळपासून गोदामाची लाइन बंद आहे. जरा गप्प बस.”

“लाइन बंद आहे म्हणून दारही बंद? आईचा टीव्ही बघ आधी, आवाज येत नाहीये.”

ती दादाहून धाकटी. पण या घरात तिला सगळेच ताई म्हणतात, दादासुद्धा. औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीचं नेटवर्क ती घरून सांभाळते. घरच्यांच्या लेखी याचा अर्थ एवढाच, की ती घरात असते आणि तिला वायरींतलं कळतं. टीव्ही, इस्त्री, दारावरची बेल, सगळं तिच्याकडे.

आज साहेबांनी फोनवर बजावलं होतं, “चारपर्यंत लाइन सुरू झाली नाही, तर सोमवारपासून घरून काम बंद. इथे येऊन बसायचं.” ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. हे ऐकल्यापासून घरात सगळ्यांचीच चुळबुळ चालली होती.

ताईची जास्त. ती उठली, बसली, पंखा वाढवला, कमी केला. ऑफिस आणि गोदाम यांना जोडणारा व्हीपीएन, तो खासगी बोगदा, धडधाकट होता. ऑफिसची विचारणा गोदामात पोहोचत होती. गोदाम उत्तर देत होतं. ते उत्तर मात्र ऑफिसच्या फायरवॉलशी, नेटवर्कच्या त्या राखणदाराशी, येऊन मरत होतं. तिने जोडणी तोडून पुन्हा जोडली. परत तेच.

“ताई, चहा टाकताय का? सगळ्यांचाच टाका,” वहिनी दार ढकलून म्हणाली.

“वहिनी, मला नख खायला वेळ नाही.”

“खाताय की मघापासून.”

ताईने बोट तोंडातून काढलं आणि फायरवॉलच्या नोंदी उघडल्या. अडवलेल्या प्रत्येक उत्तरापुढे एकाच नियमाचा क्रमांक होता. नियम वरून खाली तपासले जातात. जो आधी लागू पडेल त्याचाच निर्णय अखेरचा. ‘गोदामाकडून येणारं सगळं अडवा’ हा नियम सर्वात वर बसला होता. ‘आपण विचारलेल्याची उत्तरं आत घ्या’ त्याच्या खाली. पहिल्याने हाकलल्यावर दुसऱ्याची पाळी यायचीच नाही.

कोणी केला हा गाढवपणा? नियमापुढे नाव तिचंच होतं. काल संध्याकाळी, गोदाम बंद झाल्यावर.

काल संध्याकाळी वाटण वाटताना मिक्सर अडकला होता. “ताई, लवकर या!” अशी हाक आली. नियम अर्धवट सोडून ती पान्हा घेऊन स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा नखांत वाटण होतं, डोकं मिक्सरमध्ये होतं. नियम खाली न्यायचा राहिला आणि तिने तसाच तो जतन केला.

तिने तो उचलून तळाशी टाकला. गोदामाची उत्तरं धडाधड आत आली. साहेबांना फोन झाला. साहेब म्हणाले, “छान. मग करा घरूनच काम.”

ती बाहेर आली. दादाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. “झालं ना? सुटलो बाबा! आता तुला कुठे जायला नको.” आईने रिमोट पुढे केला.

ताईने तो घेतला, आवाजाचं बटण दाबलं, टीव्ही बोलायला लागला. रिमोट तिने आईच्या हातात परत दिला.

“सोमवारपासून मी ऑफिसात जाणार आहे, रोज,” ती म्हणाली. “मिक्सर पुन्हा अडकला तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.”