भाऊजींची उडी

व्हॉलीबॉलमध्ये एक लिफ्टर असतो. तो नेटजवळ उभा राहतो, मागून आलेला बॉल बोटांवर घेतो आणि अलगद वर सोडतो. मग स्मॅशर उडी मारून तो बॉल पलीकडे हाणतो. टाळ्या स्मॅशरला पडतात. माझे मिस्टर लिफ्टर होते आणि भाऊजी स्मॅशर.

भाऊजी आमच्या नात्यातले नव्हते. ह्यांचे इंजिनियरिंगच्या हॉस्टेलपासूनचे मित्र. हे आधी ओमानला, मस्कतला आले, मग ह्यांनीच खटपट करून भाऊजींना दोन तासांवरच्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लावून दिलं. त्यांची बायको मुलांच्या शिक्षणासाठी लातूरलाच राहिली. त्यामुळे हिवाळ्यात दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, भाऊजी पहाटे सोहारहून निघायचे. बौशरच्या मैदानावर आमच्या मराठी लोकांची टीम खेळायची आणि दुपारचं जेवण अल् घुब्राला आमच्या फ्लॅटवर. दारातूनच म्हणायचे, "जय भीम वहिनी. भाकरी आहे ना? मेसचा भात खाऊन कंटाळलोय."

मी इतकी वर्षं मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले आहे. बॉल ह्यांच्या बोटांतून सुटायच्या आधीच भाऊजी हवेत असायचे. बॉल कुठे येणार हे ते कधी बघायचेच नाहीत.

मागच्या हिवाळ्यात टीम हरायला लागली. भाऊजींचे स्मॅश नेटमध्ये अडकायचे, नाहीतर हात हवेतच फिरायचा. मॅच संपली की मैदानाबाहेरच्या टपरीवर करक, म्हणजे इथला घट्ट दुधाचा चहा पिताना वाद सुरू व्हायचा. कुणी म्हणायचं, लिफ्ट बरोबर येत नाही. कुणी म्हणायचं, स्मॅशरचं वय झालं. एका शुक्रवारी हे सगळ्यांसमोर भाऊजींना म्हणाले, "पोट बघ जरा स्वतःचं. उडी राहिलीय का तुझ्यात? बॉल काय तुझ्या हातात आणून देऊ?"

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "खरंय. उशीर होतोय माझ्याकडून."

मला ते पटलं नव्हतं. गाडीत मी म्हणाले, "मला तर बॉल खालीच राहिल्यासारखा वाटला." हे म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" त्या दिवशी भाऊजी जेवायला आले नाहीत. कामाचं काहीतरी सांगून परस्पर सोहारला गेले.

थोड्याच दिवसांत टीमने भाऊजींना बाहेर बसवलं आणि नुकताच नोकरीला आलेला एक उंच, तरणा मुलगा स्मॅशर म्हणून घेतला. भाऊजींनी ग्रुपवर 'शुभेच्छा' एवढंच लिहिलं. त्यांचं शुक्रवारचं येणं थांबलं. मी सवयीने भाकऱ्या जास्त करायचे आणि संध्याकाळी त्या आम्हीच खायचो.

नव्या मुलालाही जमेना. तो भाऊजींसारखा गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्याच मॅचला म्हणाला, "काका, बॉल येतच नाही वर. मारू काय?" हे त्याच्यावर चिडले, पण घरी आल्यावर बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

त्याच सुमारास ह्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मी घाई केली की म्हणायचे, काज बारीक आहे. एकदा आम्ही समुद्रावर फिरायला गेलो होतो. इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी आमची मुलगी मागून चालत होती. ती म्हणाली, "आई, बाबांचा राइट हँड का नाही हलत? लेफ्टवाला हलतो." मी मागे राहून बघितलं. उजवा हात अंगाला चिकटवल्यासारखा होता.

डॉक्टरांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं उघडायला आणि मिटायला लावली. मग पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. बरा होत नाही, औषधांनी सुसह्य होतो, म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी जेवून घेतलं, ताट स्वतः उचलून ठेवलं आणि मला म्हणाले, "त्याची उडी ठीक होती गं."

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना फोन केला. ऐकून ते म्हणाले, "वहिनी, त्याची बोटं अडकताहेत हे मला सीझनच्या सुरुवातीलाच कळलं होतं. आयुष्यभर त्याच्या बोटांवर खेळलो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"वय झालं असेल वाटलं. आणि बोललो असतो तर त्याने खेळ सोडला असता. मला काढलं तर मी टीव्ही बघेन. त्याला काढलं तर तो काय करेल?"

मला भरून आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "तुम्ही बोलला असता तर आधी डॉक्टरकडे गेलो असतो."

ते म्हणाले, "हो. आजार असेल असं डोक्यातच आलं नाही."

आधी गेलो असतो तरी फार फरक पडला नसता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी ते भाऊजींना लगेच कळवलं. पण आपण बोललो नाही हे त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच.

त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या कारखान्यात माणसं कमी केली, त्यात तेही होते. इतक्या वर्षांचं सगळं दोन बॅगांत भरून ते विमानाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आले. दुपारी दोघं बाल्कनीत बसले. मी दारातच भाजी निवडत होते.

हे म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललो मी तुला."

"बोललास," भाऊजी म्हणाले. "लागलं मला."

खाली रस्त्यावरून शाळेची बस गेली. भाऊजी म्हणाले, "औषध वेळेवर घे." मग उन्हं उतरेपर्यंत ते हॉस्टेलच्या मेसबद्दल आणि कुणाकुणाच्या मुलांबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी निघताना भाऊजी जिना उतरता उतरता थांबले, पण मागे वळले नाहीत.

त्यांना विमानतळावर सोडायला मी एकटीच गेले. "येईन एकदा," असं म्हणाले. आम्हा दोघांनाही माहीत होतं, नोकरीशिवाय इथे कोण येतं.

आता शुक्रवारी सकाळी लातूरहून व्हिडिओ कॉल येतो. ह्यांचा आवाज या आजाराने अगदी बारीक झाला आहे. हे काहीतरी बोलतात, भाऊजी मोबाईल कानाजवळ नेतात आणि म्हणतात, "काय? ऐकू नाही आलं रे." मग मी शेजारी बसून ह्यांचं वाक्य मोठ्याने सांगते. ते हसले तर हेही हसतात, जरा उशिरा.