तान्ह्या पोळ्याला अडवलेली स्कूटी

माझ्या तोंडाला आमची गल्ली घाबरते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता. नळ आला नाही, कचरागाडी फिरकली नाही की बायका मलाच पुढे करतात. म्हणून समोरच्या घरातली नववीतली पोरगी स्कूटी चालवायला लागली आणि तिचा बाप मागे बसून फिरायला लागला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

बाप बर्डीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात कामाला. बायको कुहीला माहेरी, आजारी आईजवळ. पोरगी सकाळी बापाला सोडून यायची, संध्याकाळी घेऊन यायची. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. दारात बसून मी रोज चरफडायची. लाडाला काही हद्द असते की नाही? त्यांच्या घरी जाऊन एकदा नीट बोलायला हवं होतं. नाही गेले. चार माणसांत झापलं की जन्मभर लक्षात राहतं, असा माझा समज.

तान्ह्या पोळ्याला तो मोका मिळाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान लेकरं चाकांचे लाकडी नंदी सजवून, दोरी धरून रांगेत उभी राहतात. आमच्या गल्लीत सजावटीचे नंबर काढायचं काम माझंच. संध्याकाळ झाली होती, माझा नातू धोतर-टोपी घालून सगळ्यात पुढे, आणि तेवढ्यात स्कूटी वळली. लेकरं दिसताच पोरीनं लांबच गाडी थांबवली, पाय टेकून उभी राहिली. हे मी पाहिलं होतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

“काहून वं, लायसन आहे का तुले?” मी विचारलं. मग मी बापाकडे वळले. पोरीच्या मागे बसून फिरायला लाज कशी वाटत नाही, उद्या कोणाचं लेकरू गाडीखाली आलं म्हणजे काय करणार, सगळं सगळं बोलले. बायका फिदीफिदी हसल्या. त्या हसण्यानं मला आणखीच चेव आला.

“उतर वं तू. भाऊ, तुम्ही घ्या हँडल. माणसासारखी घरी न्या गाडी.”

मी ढकलत नेते, असं पोरगी काकुळतीनं म्हणाली. मी तिला गप्प बसवलं. इतक्या बायकांसमोर बाप तरी काय बोलणार? चाचपडत पुढे बसला. मला वाटलं, वरमला गडी. गाडी सुरू झाली आणि घराकडे जायच्याऐवजी सरळ रांगेकडे निघाली. पोरगी ओरडत धावली, बाजूनं हात घालून तिनं ब्रेक दाबला. पुढचं चाक नातवाच्या नंदीवर चढलं होतं. दोरी अजून त्याच्या मुठीत होती. लेकरू इतकं घाबरलं की रडलंसुद्धा नाही.

“कोणाले लागलं काय?” बाप विचारत होता. लेकरू त्याच्या डावीकडे, आणि हा उजवीकडच्या भिंतीकडे पाहून राहिला होता.

शुगरनं त्याची नजर गेली होती. दिवसा धूसर दिसायचं, सांजवेळी तेही नाही. दुकानात कळलं तर काम जाईल, म्हणून बापलेकीनं कोणाला सांगितलं नव्हतं. आता अख्ख्या गल्लीला कळलं, आणि गल्लीतून दुकानाला. मालकानं आधी डोळे दाखवा म्हणत त्याला घरी बसवलं.

पोरीनं गाडी चालवायला नको होती, हे मी आजही म्हणते. पण लेकरांच्या रांगेसमोर न दिसणाऱ्या माणसाच्या हातात हँडल दिलं ते मी. आठवलं की अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कितीतरी दिवस मी माझं पुढचं दारच उघडलं नाही. शेवटी त्यांच्या घरी गेले. पोरगी भाजी निवडत होती. माझं चुकलं, म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“गाडीचं तुमचं बरोबरच होतं, काकू,” ती म्हणाली. “पण बाबा तुमच्याकडेच येणार होते. डॉक्टरसमोर आपल्याले बोलता येत नाही, काकूले संग नेऊ म्हणत. पोळा झाला की विचारतो म्हणे.”

आतून त्यानं विचारलं, कोण आलं वं? काकू आल्या, पोरीनं सांगितलं.

“मंग उभं काहून ठेवलं त्याइले?” तो म्हणाला. “बसाले सांग. चहा मांड.”

मी बसले. पोरीकडे पाहायची हिंमत झाली नाही.