एका हाताचं लुगडं

भाचीला ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आणि तिचा फोन आला. "मामा, आमच्या बॅचसाठी प्रत्येकानं घरच्या मोठ्या माणसाकडून सल्ल्याचे चार शब्द आणायचेत. तू लिही."

"अगं, तुझी आई त्यातलीच ना? तिला सांग."

"आई म्हणते, माझा पहिला पेशंट मामा होता, त्यालाच विचार."

खरं आहे. फक्त मला काही झालेलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकातले ते दिवस. खोडदला आमच्या घरामागं कांद्याचं रान आणि त्यापलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या जाळीदार अँटेना. हिवाळ्यातल्या दुपारी त्या इतक्या सावकाश वळायच्या की वळताना कधी दिसायच्याच नाहीत. जरा डुलकी लागून डोळे उघडावेत, तर सगळ्यांनी तोंडं फिरवलेली. मला डुलक्या पुष्कळ लागत, कारण बी.कॉम.ला आपटून मी घरी कांदा राखत होतो. धाकटी बहीण मात्र मुंबईहून पदवी घेऊन, पुढचं शिक्षण सुरू होईपर्यंत घरी आली होती. दुखण्यातून उठलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, हे शिकवणारं तिचं शास्त्र. गाव तिला 'मालिशची डॉक्टरीण' म्हणायचं.

त्याच वर्षी थोरल्या काकूच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. काठी टेकत ती चालायला लागली होती, पण डावा हात पोटाशी दुमडून बसला तो बसलाच. आईनं सोय म्हणून तिला गाऊन घालायला लावला. जन्म नऊवारीत गेलेली बाई. गाऊनमध्ये ती ओसरीवर अशी बसायची, जणू कुणा परक्याच्या घरी उतरलीय आणि परतीची गाडी कधी आहे ते माहीत नाही.

अशात पिंपळवंडीला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं.

"आमी दोघी मायलेकी मिळून नेसवू की तुमाला लुगडं, जाऊबाई," आई म्हणाली.

"दुसऱ्यानं नेसवायचं ते मेल्यावर. माझं मला नेसता आलं तर येईन. न्हाईतर तुमी जावा."

ती रुसली नव्हती. शांतपणे सांगून मोकळी झाली.

बहिणीनं उत्साहानं एक लुगडं कापून, शिवून, त्याला बुटाला असते तशी चिकटपट्टी लावून आणलं. पाय घातले की झालं! काकूनं ती पट्टी चर्रकन उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली. "आन पंगतीत खाली बसताना वाजलं म्हंजी? ह्याला चड्डी म्हणत्यात, बाय."

सदरे, बटणं, नाड्या, सगळं बहीण शिकून आली होती. नऊवारी कुणी शिकवली नव्हती आणि तिनं स्वतः कधी नेसलीही नव्हती. मग एका दुपारी ती माझ्या डुलकीत आली. "दादा, ऊठ. मला बाहेरून बघायचंय, नेमकं कुठं अडतं ते."

माझा डावा हात टॉवेलनं पोटाशी बांधला. हातात काकूचं हिरवं लुगडं. समोर खाटेवर खुद्द काकू, शिकवायला.

"आवळ की मेल्या! खायला बरा जोर येतो!"

कमरेची गाठ एका हातानं काही बसेना. एक टोक दातात धरलं तर दुसरं सुटे, ते धरलं तर सगळंच खाली. ऊन सरकत होतं, ओसरीभर हिरवं कापड पसरलं होतं आणि मी त्यात पोहत होतो. तेवढ्यात दुधाची किटली घेऊन शेजारी दारात.

"भाऊ, नवी सून आणली व्हय? मिशा लई झ्याक हायेत राव तिच्या!"

काकू हसली. तोंडाची एकच बाजू हसली, पण आजारपणानंतर पहिल्यांदाच. लाजून मी मागं सरकलो, लुगड्यात पाय अडकला आणि पाठ भिंतीवर आदळली. वेढा भिंतीशी दाबला गेला. तो सुटेना! उजवा हात मोकळा!

"तसाच थांब!" बहीण ओरडली.

मग पुढचं सुचत गेलं. पाठ भिंतीला, टोक दातात, गाठ. निऱ्या हातात नाही, खाटेवर पसरून घालायच्या. कासोटा मागं घेताना खाटेच्या कडेवर टेकून दाबून धरायचा. आधी मी, मग काकू. रोज दुपारी.

मुलांनो, तुमच्या धंद्यातलं अवघड काम मी तेव्हा पाहिलं. काकूच्या हातून गाठ निसटायची आणि बहीण स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, मदतीला जाऊ नयेत म्हणून. आईला ते बघवायचं नाही; ती परसात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायची. मी पुढं झालो तर बहीण नुसती बघायची माझ्याकडं. असं बघता आलं पाहिजे तुम्हाला. बाकी मला काय कळतंय.

लग्नाच्या दिवशी दारात जीप हॉर्न देत होती. "मुहूर्त चाललाय!" काका बाहेरून ओरडले. दार आतून लावलेलं. खूप वेळानं काकू बाहेर आली. कासोटा जरा तिरका, पदर डोक्यावर. काका बघत राहिले आणि ड्रायव्हरला उगाच म्हणाले, "सावकाश घे रं."

पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. काकूची भावजय कमरेवर हात ठेवून उभी. "वन्सं, ही येळ व्हय यायची?"

"नटत व्हते."

"ह्या वयात?"

"मग कवा नटू?"

ती बायकांत जाऊन बसली आणि बुंदी मागून घेतली. परतताना जीपमध्ये बहीण जरा हिरमुसली होती. "दादा, लुगड्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही रे."

पुढच्या सीटवरून काकू डोळे मिटूनच बोलली, "इचारतील कशाला? लुगडंच तर हाय."